‘कुंजर’ हळू का म्हटला?

मराठी माणसाच्या बोलण्यात असत्याविषयीचे दोन वाक्प्रचार नेहमी येतात. एक ‘ध चा मा करणे’ आणि दुसरा ‘नरो वा कुंजरो वा’. पहिला पेशवाईतला, दुसरा महाभारताच्या परंपरेतला. पहिल्यात एक अक्षर बदलते आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ होते. दुसऱ्यात एकही अक्षर बदलत नाही, बोलणाऱ्याचा आवाज तेवढा खाली येतो. या दोघांविषयी आपली भाषा काय निवाडा देते पाहा. ‘ध चा मा’ करणारा सरळसरळ गुन्हेगार. ‘नरो वा कुंजरो वा’ मात्र झिजत झिजत ‘मोघम बोलणे’ इतक्या सौम्य अर्थापर्यंत येऊन पोचले आहे. परिसंवादाच्या अध्यक्षाने ठाम मत दिले नाही की आपण हसत हसत त्याच्या भाषणाला हे विशेषण लावतो. ज्या प्रसंगातून ते आले त्या प्रसंगात एका बापाने शस्त्रे खाली ठेवली आणि त्याचे शीर कापले गेले, हे कोणाच्या ध्यानात राहत नाही.

माझे म्हणणे असे, की ही प्रतवारी उलटी आहे. आणि ती उलटी असल्यामुळे आपल्या साहित्यव्यवहाराचे, म्हणजे समीक्षेचे, संशोधनाचे आणि वर्गातल्या अध्यापनाचेही, नुकसान होत आले आहे. खोटी माहिती पकडण्यात आपण पटाईत आहोत. सनावळीतली चूक, उताऱ्यातला पाठभेद, पात्राच्या नावाचा घोटाळा यांवर आपण आवेशाने लिहितो आणि तसे लिहायलाच हवे. फसवणूक ओळखणारी आपली नजर मात्र अधू आहे, कारण एकही वाक्य खोटे सापडत नसेल तर फसवणूक झालीच नाही असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक चुकीचे आहे.

१.

खोटी माहिती देणे ही वाक्यासंबंधीची बाब आहे. वाक्य घ्यावे, वस्तुस्थितीशी ताडून पाहावे, जुळले नाही तर माहिती खोटी. ते वाक्य कोणी कोणाला कशासाठी सांगितले, हे माहीत नसले तरी ही तपासणी पुरी होते. फसवणूक ही दोन माणसांमधली बाब आहे. तिच्यात एक जण विश्वास टाकतो आणि दुसरा त्या विश्वासाचा उपयोग करून, स्वतःला खरी न वाटणारी समजूत पहिल्याच्या मनात उभी करतो. ही समजूत खोट्या वाक्याने उभी करता येते, खऱ्या वाक्याने करता येते, अर्धवट वाक्याने करता येते आणि योग्य वेळी गप्प बसूनही करता येते.

खुद्द ‘ध चा मा’चेच उदाहरण घेऊ. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला, हा इतिहास आहे. आनंदीबाईंनी पत्रातले अक्षर बदलले या आख्यायिकेला मात्र निर्विवाद कागदोपत्री पुरावा नाही. तरीही पिढ्यान्‌पिढ्या ती गोष्ट शिक्षकांनी मुलांना सांगितली आणि आजीने नातवंडांना सांगितली. ती खोटी असेल, तर या सर्वांनी खोटी माहिती दिली. पण त्यांनी कोणाला फसवले का? नाही. जे त्यांना खरे वाटत होते तेच त्यांनी पुढे दिले. चूक दुरुस्त करणे हे तिच्यावरचे औषध आहे, आणि ते पुरते. फसवणुकीवर हे औषध लागू पडत नाही, कारण तिथे दुरुस्त करण्याजोगे वाक्यच पुष्कळदा हाती लागत नाही.

२.

द्रोणपर्वातला प्रसंग सर्वांना ठाऊक आहे असे आपण समजतो, म्हणून तो नीट वाचत नाही. मालवराज इंद्रवर्म्याच्या अश्वत्थामा नावाच्या हत्तीला भीम मारतो आणि द्रोणांपुढे जाऊन ‘अश्वत्थामा मेला’ असे मोठ्याने सांगतो. सांगताना त्याला लाज वाटते, असेही महाभारत नोंदवते. द्रोणांचे गात्र शिथिल होते, पण आपल्या पुत्राचा पराक्रम त्यांना माहीत असतो. भीमाच्या शब्दावर विसंबून ते शस्त्र टाकत नाहीत, लढत राहतात. पुढे ते युधिष्ठिराला विचारतात, कारण त्रैलोक्याच्या राज्यासाठीही हा माणूस खोटे बोलणार नाही अशी त्यांची खात्री असते. युधिष्ठिर अश्वत्थामा मेल्याचे स्पष्ट सांगतो आणि हत्तीचा उल्लेख अस्पष्ट आवाजात करतो.

इथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की भीमाचे आणि युधिष्ठिराचे ऐकू जाणारे वाक्य एकच आहे. माहिती म्हणून दोघांत काडीचा फरक नाही. भीमाच्या तोंडून ते वाक्य द्रोणांना ढळवू शकले नाही आणि युधिष्ठिराच्या तोंडून त्याने त्यांचा घात केला. फरक पडला तो द्रोणांच्या विश्वासाने. युधिष्ठिराने आयुष्यभर जमवलेली सत्यवचनाची पुंजी त्या एका क्षणी शस्त्र म्हणून वापरली गेली. प्रामाणिकपणाची ख्याती नसती तर ही फसवणूक शक्यच नव्हती.

दुसरी गोष्ट त्या पुटपुटण्याची. लोककथांनी इथे श्रीकृष्णाचा शंख वाजवला आणि ‘कुंजर’ हा शब्द त्या नादात बुडवला. त्यामुळे युधिष्ठिर बराचसा सुटतो. तो बिचारा पूर्ण वाक्य बोललाच होता! महाभारतात हे शंखाचे पांघरूण नाही. शब्द अस्पष्ट उच्चारला जातो तो युधिष्ठिराच्याच जिभेने. तो शब्द उच्चारण्याचे प्रयोजन काय? द्रोणांना माहिती देणे हे तर खासच नाही. तो शब्द युधिष्ठिराने स्वतःसाठी उच्चारला, आपण खोटे बोललो नाही असे स्वतःला सांगता यावे म्हणून. श्रीकृष्णाची भूमिका निदान उघड आहे: प्राण वाचवण्यासाठी इथे असत्य बोलणेच श्रेयस्कर, असे तो सांगतो. म्हणजे जे करायचे आहे त्याला तो असत्य असेच नाव देतो. युधिष्ठिराला जयही हवा आहे आणि कोरी जीभही. त्या दोन्ही एकदम हव्या असण्यातून ती पुटपुट जन्माला येते.

महाभारतकार या पळवाटेला फसत नाहीत. जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या उच्चारासरशी खाली टेकतो. ‘कुंजर’ म्हटले होते म्हणून दोन अंगुळांची सूट मिळत नाही. आणि शेवटी, स्वर्गारोहणपर्वात, युधिष्ठिराला काही काळ नरक पाहावा लागतो तेव्हा इंद्र त्याचे कारण सांगतो. द्रोणांशी पुत्राच्या संदर्भात तू व्याजाने वागलास, म्हणून तुला नरकही व्याजानेच दाखवला, असा त्याचा आशय आहे. ‘व्याज’ म्हणजे कपट, बतावणी. वाक्य खरे की खोटे याची चर्चाच तिथे नाही. शिक्षाही गुन्ह्याच्या घाटाचीच आहे: भावंडे नरकात असल्याचा देखावा, जो खरा नाही, पण पाहणाऱ्याला खरा वाटतो.

३.

हा विवेक आपल्या शास्त्रपरंपरेत अधिक काटेकोरपणे मांडलेला आहे. पातंजल योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात ‘सत्य’ या यमाचे विवरण करताना भाष्यकार वाणीच्या प्रयोजनापासून सुरुवात करतो. आपला बोध दुसऱ्याकडे संक्रांत व्हावा यासाठी वाणी असते. म्हणून ती सत्य ठरायची तर तिच्यात तीन दोष नसावेत: ती वंचना करणारी नसावी, भ्रांत नसावी आणि प्रतिपत्तिवंध्य, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात काहीच बोध न उपजवणारी, नसावी. वंचना आणि भ्रांती हे इथे दोन वेगळे दोष म्हणून मांडले आहेत, ही आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट. चुकीची समजूत पुढे जाणे ही भ्रांती. स्वतःच्या मनात असलेला बोध बाजूला ठेवून दुसराच बोध ऐकणाऱ्याकडे पोचवणे ही वंचना. आणि या भाष्यावर टीका लिहिणाऱ्या वाचस्पती मिश्रांनी वंचनेचे उदाहरण कोणते द्यावे? द्रोण आणि युधिष्ठिर यांचेच.

युरोपात इमॅन्युएल कांटने १७९७ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात असत्याला कोणतीच सवलत नाकारली. मारेकरी दाराशी येऊन ‘तुझा मित्र घरात लपला आहे का’ असे विचारू लागला, तरी खोटे बोलण्याचा हक्क नाही, हे त्याचे प्रतिपादन प्रसिद्ध आहे. आपल्या कर्णपर्वातल्या कौशिकाने हेच केले होते. दरोडेखोरांना त्याने लोक कुठे लपले आहेत ते खरे सांगितले, लोक मारले गेले आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला. पण इथे मला कांटच्या सिद्धांताइतकेच त्याचे चरित्रही महत्त्वाचे वाटते. १७९४ साली प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म दुसरा याने धर्मविषयक लेखनाबद्दल त्याला ताकीद दिली. कांटने उत्तरादाखल लिहून दिले, की महाराजांचा एकनिष्ठ प्रजाजन या नात्याने आपण या विषयावर जाहीरपणे बोलणार नाही. राजा १७९७ साली वारला आणि १७९८ साली कांट पुन्हा धर्मावर लिहिता झाला. ‘महाराजांचा प्रजाजन’ हे शब्द आपण मुद्दाम निवडले होते, म्हणजे राजाच्या हयातीपुरतेच बंधन राहील, असा खुलासा त्याने स्वतःच छापला. वाक्य शंभर टक्के खरे. राजाने घेतलेला अर्थ मात्र वेगळा असणार, हे कांटला ठाऊक होते. जुलमी आज्ञेपुढे एका वृद्ध विचारवंताने असे वागावे याबद्दल मी त्याला दोष देणार नाही. तक्रार त्याच्या वागण्याबद्दल नसून हिशेबाच्या वहीबद्दल आहे. मारेकऱ्याशी बोललेले खोटे वाक्य ज्या वहीत पाप म्हणून जमा होते, त्याच वहीत राजाला दिलेला ‘कुंजर’ कुठेच नोंदला जात नाही. ती वही वाक्ये मोजते, माणसे मोजत नाही.

यावरून फसवणूक कधीच क्षम्य नसते असे मला सुचवायचे नाही. मारेकऱ्याला फसवावेच. पण ज्याला फसवणूक म्हणायचे त्याला तेच नाव द्यावे आणि मग तिचे समर्थन करावे. ‘मी खोटे कुठे बोललो?’ हे समर्थन नव्हे. समर्थन करण्याची जबाबदारी टाळणे होय.

४.

आता साहित्याकडे येऊ. इथे परस्परविरोधी दिसणारे दोन बचाव ऐकू येतात आणि दोन्ही एकाच गृहीतकावर उभे आहेत.

पहिला बचाव असा: साहित्य म्हणजे मुळातच कल्पित, म्हणजे खोटे, तेव्हा साहित्यिकाला खऱ्याखोट्याचा जाब विचारणे हेच अरसिकपणाचे लक्षण. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी ‘करमणूक’मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. यमू आपली हकीकत स्वतः सांगते आहे असे तिचे रूप आहे. अशी यमू नावाची विशिष्ट बाई नव्हती. त्या अर्थी कादंबरीतली जवळजवळ सगळी माहिती खोटी आहे. पण हरिभाऊंनी वाचकाला फसवले असे कोणी म्हटले तर आपण हसू, आणि हसणे योग्यच. लेखक आणि वाचक या दोघांनाही व्यवहार काय चालला आहे हे ठाऊक असते. शिवाय त्या खोट्या माहितीतून त्या काळच्या ब्राह्मण विधवेच्या जगण्याविषयीचा जो बोध वाचकाकडे संक्रांत होतो, तो हरिभाऊंचा स्वतःचा बोध आहे. व्यासभाष्याच्या कसोटीवर ती वाणी उतरते.

पण यातून ‘कल्पित साहित्यात फसवणूक असूच शकत नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने जेम्स फ्रे या अमेरिकी लेखकाचे प्रकरण आठवावे. व्यसनमुक्तीची कहाणी सांगणारे ‘अ मिलियन लिटल पीसेस’ हे त्याचे पुस्तक २००३ साली आत्मकथन म्हणून निघाले आणि अफाट खपले. जानेवारी २००६ मध्ये उघड झाले, की पुस्तकात जिथे सुमारे तीन महिन्यांचा तुरुंगवास आहे तिथे वास्तवात काही तासांची अटक होती. तेव्हा हेही पुढे आले, की हे हस्तलिखित आधी कादंबरी म्हणून प्रकाशकांकडे फिरवले गेले होते. तसे फ्रे यांनीच सांगितले. म्हणजे वाक्ये तीच. मुखपृष्ठावर ‘कादंबरी’ असते तर कोणाचीच फसवणूक नव्हती. ‘आत्मकथन’ आले आणि फसवणूक झाली. ती ओळ सोडून आतली पाने कितीही बारकाईने वाचली तरी ती सापडणार नाही. संहितेपलीकडे काही पाहूच नये, असे सांगणाऱ्या समीक्षेला हे प्रकरण अडचणीचे आहे आणि ती अडचण तिने टाळू नये. इथेही युधिष्ठिराचीच दुहेरी हाव दिसते: आत्मकथनाला मिळणारे वाचकाचे अश्रू हवेत आणि कादंबरीकाराचे स्वातंत्र्यही हवे.

दुसरा बचाव नेमका उलट वाटतो: माझे एकही वाक्य खोटे नाही, काढून दाखवा. हा बचाव आपल्या साहित्यव्यवहारात फार सुखाने नांदतो. परीक्षणातल्या दहा वाक्यांपैकी नऊ प्रतिकूल असतात. दहावे अनुकूल वाक्य मलपृष्ठावर अवतरते. अवतरण अचूक असते, खाली नावही खरे असते. परीक्षणकर्त्याने ज्या पुस्तकाची भरघोस स्तुती केली त्याचे हस्तलिखित त्यानेच तपासून दिलेले असते. स्तुती मनापासूनची असते, हस्तलिखिताचा उल्लेख तेवढा नसतो. नाटकाच्या जाहिरातीत ‘एका परकीय कल्पनेवर आधारित’ असे असते. आधार आहे हे खरे, पण कल्पनेबरोबर प्रवेशांची मांडणीही उचललेली आहे हे त्या शब्दांमागे सुरेख झाकले जाते. प्रबंधाच्या शेवटी दोनशे ग्रंथांची यादी असते. प्रत्येक ग्रंथ अस्तित्वात आहे, लेखकाचे नाव आणि प्रकाशनवर्ष बिनचूक आहे. प्रबंधकाराने त्यातले वीस उघडले आहेत आणि उरलेले त्या विसांच्या याद्यांमधून उतरवले आहेत. यादीत एकही खोटी माहिती नाही. तरीही ती यादी ‘हे मी वाचले आहे’ असे वाचकाला सांगते, आणि ते खरे नाही.

दोन्ही बचाव एकच प्रश्न विचारतात: वाक्य खरे की खोटे? पहिला म्हणतो, आमच्याकडे सगळीच खोटी, म्हणून विचारू नका. दुसरा म्हणतो, आमच्याकडे सगळीच खरी, म्हणून विचारू नका. वाचकाशी तुम्ही कसे वागलात, हा प्रश्न दोघांनाही नको असतो.

५.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. वाक्य तपासता येते. हेतू कसा तपासणार? लेखकाच्या मनात शिरायला समीक्षक काय अंतर्यामी आहे?

आक्षेप खोटा नाही, हे बिन्यामिन विल्कोमिर्स्की यांच्या प्रकरणातून दिसते. १९९५ साली या नावाने जर्मन भाषेत नाझी छळछावण्यांतल्या बालपणाच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या, त्यांची भाषांतरे झाली, त्यांना पुरस्कार मिळाले. १९९८ साली डॅनिएल गान्झफ्रीड या पत्रकाराने दाखवून दिले, की लेखक स्वित्झर्लंडमध्येच जन्मलेला आणि तिथेच वाढलेला आहे. पुढे इतिहाससंशोधक श्टेफान मेख्लर यांच्या चौकशीतही तेच निष्पन्न झाले आणि प्रकाशकाने १९९९ साली पुस्तक मागे घेतले. माहिती खोटी होती याबद्दल आता शंका नाही. पण लेखकाने जाणूनबुजून जगाला फसवले, की दत्तक गेलेल्या एका मुलाने आपल्या दुःखाला शोधलेली कहाणी त्याला स्वतःलाच खरी वाटू लागली, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. दुसरी शक्यता खरी असेल तर ही भ्रांती आहे, वंचना नव्हे. म्हणून ‘पुस्तक खोटे, सबब लेखक लबाड’ हे समीकरण मांडण्याची घाई समीक्षेने करू नये. फसवणुकीचा आरोप खोट्या माहितीच्या आरोपापेक्षा जड आहे आणि त्याला पुरावाही जड लागतो.

पण मन वाचता येत नाही म्हणून प्रश्नच सोडून द्यावा असे नाही. मन न वाचता लावता येण्यासारखी एक कसोटी महाभारतानेच हाती दिली आहे: हत्ती मोठ्याने म्हणून पाहावा. लेखकाने जे हळू म्हटले, किंवा मुळीच म्हटले नाही, ते मोठ्याने म्हटले तर त्याच्या लेखनाचे काय होते? यमू काल्पनिक आहे असे पहिल्याच पानावर छापले तरी हरिभाऊंच्या कादंबरीचे काहीही बिघडत नाही. फ्रे यांच्या पुस्तकावर ‘तुरुंगवास काल्पनिक’ असे छापले तर ज्या कारणासाठी ते विकत घेतले जात होते ते कारणच कोसळते. मलपृष्ठावरच्या अवतरणाखाली ‘उरलेली नऊ वाक्ये प्रतिकूल आहेत’ असे लिहिता येईल काय? ग्रंथयादीवर ‘यांपैकी एकशेऐंशी मी पाहिलेले नाहीत’ असे लिहिता येईल काय? जिथे मोठ्याने म्हणताच काम बिघडते आणि म्हणूनच हळू म्हटले जाते, तिथे वंचना आहे.

रहस्यकथांचे अभ्यासक इथे अॅगाथा ख्रिस्तीच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’ या १९२६ सालच्या कादंबरीकडे बोट दाखवतील. तिचा निवेदक खोटे बोलत नाही, एक गोष्ट सांगायची तेवढी वगळतो आणि वाचक साफ चकतो. प्रकाशनानंतर यावर पुष्कळ वाद झाला. हत्ती आधीच मोठ्याने म्हटला तर ही कादंबरी उरणार नाही, हे खरे. पण वाचक तिथे चकवून घेण्यासाठीच आलेला असतो, आणि शेवटच्या पानांत लेखिका स्वतः हत्ती मोठ्याने म्हणते. मागे वळून पाहिले की तो कुठे लपवला होता तेही दाखवते. द्रोणांना युधिष्ठिराने नंतर काही सांगितले नाही. खेळ आणि घात यांतला फरक हाच, की खेळाला दोघांची संमती असते आणि शेवटी पत्ते उघडले जातात.

६.

मराठीत ही कसोटी सर्वांत जास्त कोणाला लावायला हवी असेल तर ऐतिहासिक कादंबरीला आणि तिच्या वाचनाला. प्रस्तावनेत अस्सल साधनांचा हवाला, शेवटी संदर्भग्रंथांची यादी, मध्ये गडांचे नकाशे. आणि एखाद्या प्रसंगाचा आधार विचारला की उत्तर तयार: ‘अहो, ही कादंबरी आहे.’ मान मिळवताना इतिहास, जाब देताना कादंबरी. कल्पित संवाद लिहिल्याबद्दल कोणी या लेखकांना दोष देऊ नये. तो त्यांचा अधिकारच आहे. दोष आहे तो शिवण लपवण्याचा. शिवण दाखवूनही हा प्रकार लिहिता येतो. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना आहे आणि ती शिवचरित्रातले वादग्रस्त प्रश्न वाचकापुढे उघडे करून ठेवते. त्यामुळे कादंबरीचे आकर्षण कमी झाले असे काही दिसत नाही.

याहून जुने आणि याहून थोर उदाहरण एकनाथांचे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. आजच्या पाठचिकित्सेच्या शिस्तीने त्यांच्या प्रत्येक निवडीला आधार सापडेलच असे नाही. एखाद्या ठिकाणी त्यांनी मूळ पाठ सोडला असेल, तर तेवढ्यापुरती ती खोटी माहिती ठरेल. पण काम आपण केले, केव्हा केले आणि का केले, हे त्यांनी ग्रंथाच्या शेवटीच सांगून ठेवले आणि पुढे कोणी भर घालू नये असेही बजावले. त्यांच्या आधी ज्यांनी आपल्या ओव्या गुपचूप ज्ञानदेवांच्या नावावर घुसवल्या, त्यांच्यातला एखादा कवी चांगलाही असेल, त्याच्या ओवीतला विचार खराही असेल. तरी फसवणूक त्याने केली, नाथांनी नाही. अक्षर बदलणे आणि फसवणे या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत हे याहून स्वच्छ कुठे दिसणार?

७.

हे सारे शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना आज अधिकच लागू आहे. संगणकाला प्रश्न विचारला की तो निबंध लिहून देतो. त्यात कधी अस्तित्वात नसलेले ग्रंथ असतात, कधी न घडलेले प्रसंग असतात. प्राध्यापक मंडळी या चुका शोधून काढतात आणि यंत्र ‘खोटे बोलते’ म्हणून रागावतात. यंत्र खोटी माहिती देते हे खरे. पण ज्याला स्वतःचा बोधच नाही, तो बोध लपवणार कसा? यंत्र पुढे अधिक बिनचूक होईल आणि या चुका मिळेनाशा होतील. मग काय करणार? समजा, विद्यार्थ्याने यंत्राकडून लिहून घेतलेल्या निबंधातले प्रत्येक वाक्य खरे आहे, प्रत्येक संदर्भ अचूक आहे आणि वर त्याने स्वतःचे नाव घातले आहे. जो शिक्षक आजवर फक्त खोटी माहिती शोधत आला, त्याच्यापाशी या निबंधाविरुद्ध बोलायला एक शब्दही उरत नाही. फसवणूक निबंधात नाहीच. ती नावाच्या ओळीत आहे. ‘हे मी विचार करून लिहिले आहे’ असे ती ओळ शिक्षकाला सांगते. आणि विद्यार्थ्याला हे पटवायचे तर आधी स्वतःच्या शोधनिबंधांखालच्या याद्यांकडे पाहावे लागेल. आपण वर्षानुवर्षे ‘कुंजर’ हळू म्हणत आलो असू, तर वर्गातल्या मुलाने तो अधिक सफाईने म्हटला म्हणून ओरडण्याचा अधिकार आपल्याला कुठून येणार?

व्यासभाष्यातला तिसरा दोष मी जाणूनबुजून शेवटी ठेवला आहे. प्रतिपत्तिवंध्य वाणी: जिच्यात खोटे काही नाही, कोणाला फसवण्याचा हेतूही नाही, पण जिच्यातून ऐकणाऱ्याला कसलाच बोध होत नाही. आपल्या समीक्षेचा मोठा भाग याच जातीचा आहे, आणि तो निरुपद्रवी आहे असे आपण मानतो. तो तितका निरुपद्रवी नाही. जिथे कोणतेच वाक्य नीट कळत नाही तिथे पुटपुटलेला शब्द वेगळा ऐकू येत नाही. शंखनाद करायला मग श्रीकृष्णाचीही गरज नसते. ‘कुंजर’ ऐकू यायचा असेल तर आजूबाजूला सगळ्यांनीच स्वच्छ आणि मोठ्याने बोलण्याची सवय लावून घ्यावी लागेल, आणि त्याची सुरुवात ज्यांचा शब्द विद्यार्थी प्रमाण मानतात त्यांच्यापासून व्हायला हवी. द्रोण भीमाच्या शब्दाने मेले नाहीत.